स्त्रीवादाचे प्रवाह ताडून कसे पाहायचे: एका हक्कसोडपत्रापासून सुरुवात

स्त्रीवादाच्या अभ्यासवर्गाला पहिल्यांदा येणाऱ्यांच्या वहीत बहुधा एक तक्ता असतो. वर उदारमतवादी, मार्क्सवादी, जहाल, समाजवादी, दलित, पर्यावरणवादी असे रकाने आणि प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी. परीक्षेपुरता तो चालतो. पण वर्गात कुणी विचारलं की, ‘आमच्या गावात बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडून दिला, यावर यातलं कोण काय म्हणेल?’ तर तक्त्यातून उत्तर निघत नाही. कारण त्यात प्रत्येक प्रवाहाची मतं लिहिलेली असतात, पण तो प्रवाह विचार कसा करतो ते लिहिलेलं नसतं.

अनेक वर्षं असे वर्ग घेतल्यावर मी एक पद्धत धरली आहे, ती इथं पायरीपायरीनं मांडते. वही, पेन आणि रोज तासभर एवढ्यावर महिन्याभरात बरीच मजल मारता येते.

पायरी १: आधी भांडण निवडा, मग पुस्तक उघडा

प्रवाहांची तुलना हवेत होत नाही. सगळ्यांसमोर एकच प्रसंग ठेवावा लागतो, आणि तो तुमच्या जवळचा असला तर उत्तम. मी नेहमी हक्कसोडपत्र घेते.

वडील वारतात. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात: आई, दोन भाऊ, तीन बहिणी. वर्षश्राद्धाच्या आसपास थोरला भाऊ बहिणींना तालुक्याच्या गावी बोलावून घेतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र नोंदवलं जातं. सह्या होतात, अंगठे उमटतात, फोटो निघतात. घरी गोडाचं जेवण, प्रत्येकीला साडीचोळी. पुढच्या फेरफारात बहिणींची नावं कमी झालेली असतात. कुणी कुणावर हात उगारलेला नसतो, आवाजही चढवलेला नसतो. ‘भावाशी कशाला वाकडं घ्यायचं, माहेर तुटायला नको,’ एवढंच काय ते बोलणं. माझ्या आत्यानं अशी सही केली तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. उलट मोठं काम उरकल्याचा सुटकारा होता. तो सुटकारा कशाचा होता, हा प्रश्न माझ्या मनातून पुढे कधी गेला नाही.

तुमचं भांडण वेगळं असेल. नोकरी सोडलेली वहिनी, ऊसतोडीला गेलेली मुलगी, रात्रपाळी नाकारलेली परिचारिका, काहीही घ्या. फक्त प्रसंग एकच हवा आणि खरा हवा.

पायरी २: तीन प्रश्न लिहा

वहीच्या पहिल्या पानावर हे तीन प्रश्न लिहा. प्रत्येक प्रवाहाला हेच विचारायचे आहेत.

अन्यायाचं मूळ कुठे आहे?

तो दूर करायला कुणाकडे जायचं, आणि सरकारकडून नेमकं काय हवं?

‘स्त्री’ म्हणताना डोळ्यांपुढे कोण उभी आहे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुस्तकात सापडतात. तिसऱ्याचं उत्तर लेखक सहसा देत नाही, तुम्हालाच ते ओळींमधून शोधावं लागतं. त्यासाठी वहीत जास्त जागा सोडा.

पायरी ३: उदारमतवादापासून सुरुवात करा, आणि त्याला कमी लेखू नका

इथं मूळ सापडतं ते कायद्यातल्या आणि संधीतल्या विषमतेत. बाई विवेकी माणूस आहे, मग तिला शिक्षण, मालमत्ता, मत आणि स्वतःच्या आयुष्याचा निर्णय का नाही, हा साधा प्रश्न. इंग्लंडात मेरी वोलस्टनक्राफ्टनं १७९२ मध्ये तो शिक्षणाच्या अंगानं मांडला. जॉन स्टुअर्ट मिलनं १८६९ मध्ये विवाहाच्या कायद्याची तुलना थेट गुलामीशी केली.

आपल्याकडे हाच प्रश्न मुंबईच्या उच्च न्यायालयात उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ मध्ये नवऱ्यानं दावा लावला. पहिला निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण १८८७ मध्ये न्यायालयानं सांगितलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. ‘मी संमती दिलेली नाही’ हे त्यांचं म्हणणं म्हणजे उदारमतवादी स्त्रीवादाचा गाभा.

आता हक्कसोडपत्र पुढे ठेवा. उदारमतवादी आधी कायदा तपासेल. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वारस केलं, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं मिळणारा हक्क मुलांपुरताच राहिला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये तो मुलींना दिला, मात्र तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये मुलींच्या बाजूनं मिटवला. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानं मुलामुलींना वाटा सारखाच आहे.

म्हणजे कायदा बराचसा झाला, तरी सही होतेच. नवखे वाचक इथं लगेच म्हणतात की, बघा, उदारमतवाद फसला. थांबा. चांगला उदारमतवादी पुढचं विचारतो: सही करणारीला आपला हिस्सा किती, त्याची किंमत काय, हे माहीत होतं का? कागद वाचायला वेळ मिळाला का? भावाच्या वकिलाशिवाय दुसऱ्या कुणाचा सल्ला मिळाला का? ही संमती होती की नुसती सही? शिवाय एक गोष्ट विसरू नका. सोडून द्यायला हक्क हातात असावा लागतो, आणि तो या प्रवाहानं मिळवून दिला.

पायरी ४: चूल आणि शेत यांचा हिशेब मांडा

या पायरीवर सर्वात जास्त वेळ द्या. इथं दोन जवळचे प्रवाह आहेत आणि त्यांची गल्लत होते.

मार्क्सवादी मांडणीचा पाया मार्क्सचा सहकारी एंगल्स यानं १८८४ मध्ये घातला. खाजगी मालमत्ता आली, ती आपल्याच मुलांकडे जावी म्हणून पितृवंशीय कुटुंब घट्ट झालं, आणि बाईचं दुय्यमत्व त्यातून आलं, असं त्याचं म्हणणं. म्हणून उपायही तसाच: बाईनं सार्वजनिक उत्पादनात उतरावं आणि घरकामाचं ओझं समाजानं उचलावं. रशियन क्रांतीनंतर मंत्रिपदावर बसलेल्या अलेक्झांड्रा कोलंताय यांनी सार्वजनिक स्वयंपाकघरं आणि पाळणाघरं यांचा आग्रह धरला तो यामुळेच. महिला दिनाचा प्रस्ताव १९१० मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत क्लारा झेटकिन यांनी मांडला, तोही समाजवादी स्त्रियांच्या व्यासपीठावरून. सोसायटीत महिला दिनाला हळदीकुंकू ठेवलं की मी हे आवर्जून सांगते.

समाजवादी स्त्रीवाद इथून एक पाऊल पुढे जातो. वर्ग संपला की पुरुषसत्ता आपोआप संपेल, हे त्याला मान्य नाही. दोन्ही व्यवस्था एकमेकींना धरून उभ्या आहेत आणि दोन्हींशी एकाच वेळी लढावं लागेल, असं तो म्हणतो. १९७२ मध्ये मारियारोझा डाला कोस्ता आणि सेल्मा जेम्स यांनी घरकामाचा प्रश्न ऐरणीवर आणला. कामगार रोज ताजातवाना होऊन कारखान्यात जातो, त्यामागचं रांधणं, धुणं, निजवणं फुकट कोण करतं? त्यातूनच घरकामाला वेतन द्या ही मागणी पुढे आली. तिच्यावर समाजवादी स्त्रियांमध्येच कडाक्याचा वाद झाला. पैसे दिले तर बाई चुलीशी कायमची जखडली जाणार नाही का, असं कित्येकींना वाटलं. हा वाद आजही ताजा आहे. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७, असं दिसलं. त्यातही घरकामात हात घालणारे पुरुष चारात एकच.

आता आत्याची सही या डोळ्यांनी पाहा. माहेरच्या शेतात लग्नापर्यंत राबली, तिथं नाव नाही. सासरच्या शेतात पुढे चाळीस वर्षं राबली, तिथंही सातबाऱ्यावर नाव नाही. नवरा गेला, मारहाण झाली, आजारपण आलं तर जायला एकच ठिकाण, भावाचं घर. हक्कसोडपत्र म्हणजे त्या आसऱ्यासाठी भरलेला हप्ता. तिचा सुटकारा मला पहिल्यांदा उलगडला तो इथं. ती भोळी नव्हती. तिनं हिशेब केला होता, फक्त त्या हिशेबातले आकडे दुसऱ्यांनी ठरवलेले होते.

मग उपाय काय? नुसता वारसाहक्क नाही, तर राबणारीच्या नावावर जमीन. महाराष्ट्रात हा प्रयोग झालेला आहे. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं १९८६ मध्ये चांदवडला प्रचंड अधिवेशन झालं. त्यानंतरच्या काही वर्षांत ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली: नवऱ्यानं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा, आणि ज्या गावात शंभर कुटुंबांनी तसं केलं ते गाव लक्ष्मीमुक्त. आता गंमत बघा. या मोहिमेचे नेते शरद जोशी खुल्या बाजारपेठेचे कट्टर पुरस्कर्ते होते, त्यांना समाजवादी कुणीच म्हणणार नाही. म्हणून वहीत लिहून ठेवा: एखादा उपाय एखाद्या प्रवाहाला पटला, म्हणजे तो उपाय करणारा त्याच प्रवाहातला ठरत नाही.

पायरी ५: ‘जहाल’ शब्दाला फसू नका

मराठीत या प्रवाहाला जहाल स्त्रीवाद म्हणतात. हा शब्द कानावर पडला की आपल्याला टिळक आणि गोखले आठवतात, आणि वाटतं की जहाल म्हणजे जास्त आक्रमक. मूळ शब्दाचा अर्थ मुळापर्यंत जाणारा असा आहे. मी तरी ‘मूलगामी’ म्हणते.

साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत युद्धविरोधी आणि डाव्या चळवळींत काम करणाऱ्या तरुण मुलींना दिसलं की क्रांतीची भाषणं पुरुष करतात आणि पत्रकं टंकलिखित करायला आपल्याला बसवतात. त्या वेगळ्या बसू लागल्या, स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलू लागल्या. जे प्रत्येकीला आपलं खाजगी दुःख वाटत होतं ते सगळ्यांचं निघालं. ‘वैयक्तिक ते राजकीय’ ही घोषणा तिथली. केट मिलेट आणि शुलामिथ फायरस्टोन यांची महत्त्वाची पुस्तकं १९७० च्या एकाच वर्षी आली. यांच्या मते मूळ आहे पुरुषसत्तेत, आणि ती टिकते बाईच्या शरीरावर, लैंगिकतेवर, जननक्षमतेवर ताबा ठेवून. कायदा आणि पगार नंतर येतात.

भारतात या विचाराला धार आली मथुरा प्रकरणानं. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता, असा त्या निकालाचा सूर होता. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे, हे या चळवळीनं ठणकावून सांगितलं.

हक्कसोडपत्र हा हिंसाचार नाही, आणि दोन्हींना एका तराजूत घालणं मथुरेवर अन्याय ठरेल. पण प्रश्न विचारण्याची रीत इथून घेता येते. ज्या ठिकाणी नाही म्हणायची सोयच नाही, तिथल्या हो ला काय अर्थ? लहानपणापासून भाऊबीज, राखी, ‘भावाची पाठराखीण’ यातून मुलीच्या मनात जे रुजवलं जातं, त्यात प्रेम किती आणि ताबेदारी किती? मूलगामी स्त्रीवाद प्रेमालाही प्रश्न विचारतो, म्हणून तो टोचतो.

त्याचा धोकाही इथंच आहे. सगळंच मन घडवलेलं असेल, तर आत्याचं स्वतःचं असं काही उरतच नाही. तिच्या वतीनं आपणच बोलायला लागतो. या प्रवाहाचं वाचन करताना दर वेळी थांबून बघा की बोलणारी आणि जिच्याबद्दल बोललं जातंय ती, या दोघी एकच आहेत का.

पायरी ६: आता तुमचं भांडणच तपासायला द्या

आतापर्यंत आपण प्रवाहांना प्रसंग दिला आणि उत्तर मागितलं. दलित स्त्रीवादाकडे आलं की उलट होतं. तो आधी तुमच्या प्रसंगालाच हात घालतो.

हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण कोण? जिच्या बापाकडे जमीन आहे ती. ज्या जातींना शतकानुशतकं जमीन ठेवू दिली नाही, त्या घरातल्या मुलीकडे सोडायला काय आहे? तिच्या घरी जमिनीचा प्रश्न गायरानाचा होता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यात बायका कच्च्याबच्च्यांसकट तुरुंगात गेल्या. मी पहिली काही वर्षं हक्कसोडपत्राचं उदाहरण ‘सगळ्या बायकांचं’ म्हणून देत होते. एका वर्गात मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘आमच्यात हा कागद करायची वेळच येत नाही.’ तिसऱ्या प्रश्नाला वहीत जास्त जागा सोडायला सांगते ती तेव्हापासून.

हा विचार अमेरिकेतून आला असा समज आहे. तिकडचं कामही महत्त्वाचं आहे. १९७७ मध्ये काळ्या स्त्रियांच्या कॉम्बाही रिव्हर गटानं सांगितलं की वंश, वर्ग आणि लिंग यांचं दडपण आमच्यावर वेगवेगळं येत नाही, एकत्र येतं. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये त्याला सिद्धान्ताचं रूप दिलं. त्यांनी घेतलेला एक खटला नवख्यांना फार उपयोगी पडतो. जनरल मोटर्सविरुद्ध काळ्या स्त्रिया न्यायालयात गेल्या. कंपनीनं काळ्या पुरुषांना कारखान्यात घेतलं होतं, म्हणून वंशभेद नाही. गोऱ्या स्त्रियांना कचेरीत घेतलं होतं, म्हणून लिंगभेद नाही. काळ्या स्त्रिया दोन्हींच्या मधल्या फटीत पडल्या आणि न्यायालयाला ती फट दिसली नाही.

पण महाराष्ट्रात ही नजर खूप आधीची आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीनं १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त निबंध लिहिला. मांग-महारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, हे तिनं तेव्हा लिहिलं. बाळंतपण सगळ्या बायकांना येतं, पण सगळ्यांना सारखं येत नाही, हे एवढ्या लहान वयात तिला दिसलं होतं. १९१६ मध्ये आंबेडकरांनी न्यूयॉर्कमध्ये वाचलेल्या निबंधात दाखवलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्यावर, आणि त्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह अशा वाटांनी बाईवर ताबा ठेवावा लागतो. पुढे उमा चक्रवर्ती यांनी यालाच ‘ब्राह्मणी पितृसत्ता’ असं नाव देऊन इतिहासातून मांडलं. म्हणजे जात आणि पुरुषसत्ता या दोन वेगळ्या गाठी नाहीत, एकीचा पीळ दुसरीत आहे.

१९४२ मध्ये नागपूरला दलित स्त्रियांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. अशा स्त्रियांची नावं कुठल्याच इतिहासात नव्हती. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव फिरल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांशी बोलल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं. नव्वदच्या दशकात गोपाळ गुरू आणि शर्मिला रेगे या अभ्यासकांनी सिद्धान्ताच्या पातळीवर वाद घातला. गुरूंचं म्हणणं, दलित स्त्रिया वेगळं बोलतात ते ऐका. रेगे यांनी पुढे विचारलं की, हे फक्त दलित स्त्रियांवर सोडून इतरांनी मोकळं व्हायचं का? त्यांनी ‘दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी’ मांडली: ही दृष्टी दलित स्त्रियांच्या जगण्यातून येते, पण ती शिकून घेण्याची जबाबदारी प्रत्येक स्त्रीवाद्यावर आहे. माझ्यासारख्या बाईला हे वाचून स्वतःची सगळी टिपणं पुन्हा लिहावी लागली.

या नजरेनं हक्कसोडपत्राकडे परत गेलात तर आणखी एक गोष्ट दिसते. मुलीनं जातीबाहेर लग्न केलं आणि तिला वाटा मिळाला, तर जमीन जातीबाहेर जाते. मुलीच्या वाट्याची एवढी धास्ती का, याचं उत्तर नुसत्या भावाच्या लोभात मिळत नाही.

पायरी ७: राहिलेले प्रवाह तूर्त ओझरते

पर्यावरणवादी स्त्रीवाद हा शब्द १९७४ मध्ये फ्रान्सच्या फ्रान्स्वाज दोबोन यांनी आणला. त्याच वर्षी गढवालातल्या रेणी गावी गौरा देवी आणि इतर बायकांनी जंगलतोड अडवली. वंदना शिवा यांना बाई आणि निसर्ग यांच्यात खास नातं दिसतं. बीना अग्रवाल म्हणतात की सरपण, पाणी, चारा आणण्याचं काम बाईवर असल्यामुळे तिला जंगलाची झळ आधी बसते, नातं कामातून येतं, निसर्गतः नाही. मला अग्रवाल यांचं पटतं.

वसाहतोत्तर मांडणीत मुंबईत जन्मलेल्या चंद्रा तळपदे मोहंती यांचं नाव आधी घ्यावं लागतं. पाश्चात्त्य अभ्यासकांनी ‘तिसऱ्या जगातली बाई’ अशी एकच दुबळी मूर्ती तयार केली, हा त्यांचा आक्षेप. जुडिथ बटलर यांनी १९९० मध्ये ‘स्त्री’ हा शब्दच प्रश्नाखाली आणला. त्यांना सुरुवातीलाच हात घालू नका. आधीची भांडणं माहीत नसतील तर ते वाचन कोरडं वाटतं.

पायरी ८: दुसरा प्रसंग घ्या, जिथं प्रवाह खरोखर भांडले

पहिला प्रसंग समजण्यासाठी असतो, दुसरा कस लावण्यासाठी. मुंबईतली डान्स बारबंदी घ्या. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारमधल्या नाचावर बंदी घातली. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट. तिथं नाचणाऱ्या स्त्रियांची संख्या तेव्हा ७५ हजारांच्या घरात सांगितली जाई. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये बंदी रद्द केली, स्थगितीमुळे बार बंदच राहिले, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला.

न्यायालयाची भाषा उदारमतवादी होती: तोच नाच मोठ्या हॉटेलात सभ्य आणि साध्या बारमध्ये असभ्य कसा, आणि रोजगाराचा हक्क कशाच्या आधारावर काढून घेता? पुरुषांच्या नजरेसाठी शरीराचा बाजार मांडणं ही पुरुषसत्ताच आहे, हा मूलगामी आक्षेप बंदीच्या बाजूनं वापरता येत होता. समाजवादी विचारतील की घर चालवणाऱ्या या बायका उद्या कुठे जातील. मुंबईतल्या अनेक स्वायत्त स्त्री संघटना आणि बारबालांची संघटना बंदीविरुद्ध उभ्या राहिल्या. पण दलित-बहुजन चळवळीतल्या काहींनी विचारलं, नाचणाऱ्या बहुतेक जणी ज्या जातींतून येतात त्यांच्यावर नाचगाणं पिढ्यान्‌पिढ्या लादलेलं आहे, मग त्याला निवड किंवा रोजगार म्हणून मोकळं कसं व्हायचं? या प्रश्नामागे जुनी परंपरा आहे. १९३६ मध्ये मुंबईत मुरळ्या, जोगतिणी आणि वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांपुढे बोलताना आंबेडकरांनी हा धंदा सोडा असंच कळकळीनं सांगितलं होतं.

माझं मत सांगते. बंदी चुकीची होती, कारण तिनं बायकांची कमाई काढून घेतली आणि बदल्यात काहीच दिलं नाही. श्रीमंतांच्या हॉटेलांना दिलेल्या सुटीनं तिचा हेतूही उघडा पडला. पण बंदीला विरोध करणाऱ्या आमच्यासारख्यांनी जातीचा प्रश्न तेव्हा पुरेसा ऐकला नाही, हेही तितकंच खरं. तुमचं मत वेगळं निघेल. ते कोणत्या प्रश्नाच्या कोणत्या उत्तरावरून निघालं, एवढं वहीत दाखवता आलं पाहिजे.

पायरी ९: दोन खड्डे टाळा

पहिला खड्डा लाटांचा. पहिली लाट मताधिकाराची, दुसरी साठच्या दशकातली, तिसरी नव्वदमधली, ही मोजणी मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनची आहे. तिच्यात ताराबाई शिंदे कुठे बसवणार? सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाल्यावर वर्तमानपत्रांनी स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं, म्हणून बुलढाण्याच्या या सत्यशोधक घरातल्या बाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. त्यात कायद्यापेक्षा घर, शरीर, पुरुषांचा दुटप्पीपणा आणि धर्मग्रंथ यांवरच जास्त हल्ला आहे. लाटांच्या क्रमानं पाहिलं तर हे लिखाण ऐंशी-नव्वद वर्षं आधी आलं म्हणावं लागेल. लाटा बाजूला ठेवा, पुस्तक वाचा.

दुसरा खड्डा म्हणजे माणसाला कप्प्यात घालणं. फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारचा स्त्रीप्रश्नावरचा मोठा ग्रंथ १९४९ चा, पण स्वतःला स्त्रीवादी त्यांनी जाहीरपणे म्हटलं ते १९७२ मध्ये. तोवर समाजवाद आला की प्रश्न सुटेल असं त्यांना वाटत होतं. ताराबाईंनाही असंच एका कप्प्यात बसवता येत नाही. विधान कोणत्या प्रवाहाचं आहे ते ठरवा, बाईला तिच्या जागी राहू द्या.

पायरी १०: वाचनाचा क्रम

मराठीतून सुरुवात करा. मुक्ता साळवेंचा निबंध एका बैठकीत होतो. मग ताराबाई, मग ‘आम्हीही इतिहास घडवला’. त्यानंतर मिल किंवा वोलस्टनक्राफ्टमधलं एखादं प्रकरण, एंगल्समधला कुटुंबावरचा भाग, आणि घरकामाच्या वादातलं एखादं पत्रक. प्रत्येक वाचनानंतर तीन प्रश्नांची उत्तरं दोन-दोन ओळींत लिहा आणि तुमच्या प्रसंगाला लावून पाहा. शक्य असेल तर आणखी दोघी-तिघी जमवा, वेगवेगळ्या घरांतल्या. सगळ्या एकाच आळीतल्या असतील तर तिसऱ्या प्रश्नावर चर्चा अडते, हा माझा अनुभव.

आणि सुरुवातीला निवडलेलं भांडण महिन्याअखेरीस पुन्हा वाचा. ते कुणाच्या घरात घडूच शकत नाही, त्यांची यादी करा. पुढच्या महिन्याचा प्रसंग त्या यादीतून घ्यायचा आहे.